एकटीचे शहाणपण

घरात एकाच माणसाने शहाणे असावे आणि बाकीच्यांनी त्याच्या शहाणपणाच्या आश्रयाने यथेच्छ वेडेपणा करावा, ही व्यवस्था पुष्कळ कुटुंबांत इतकी अंगवळणी पडली आहे की, ती व्यवस्था आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. हे शहाणे माणूस बहुधा आई असते. वडिलांनी कपाळावरचा चष्मा घरभर शोधावा, आजोबांनी औषधाची वेळ चुकवावी, मुलाने परीक्षेच्या आदल्या रात्री वही हरवावी, आणि आईने येऊन एका वाक्यात सर्वांचा निकाल लावावा. दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिकांचा तर हा नित्यपाठच होय. त्या पाहून आम्ही हसतो, तशी आमची वाचकमंडळीही हसत असतील, आणि हसण्यास आमची यत्किंचितही हरकत नाही. परंतु या महिन्यात वाचकांपुढे एक प्रश्न ठेवावा असे मनात आहे. पडद्यावरील ही शहाणी आई, विशेषतः नोकरी करून घर सांभाळणारी शहाणी आई, आम्हां सर्वांस एवढी प्रिय का, आणि तिच्या शहाणपणाचे मोल कोण चुकते करतो?

प्रथम हे सांगितले पाहिजे की, ही मूर्ती दूरचित्रवाणीने घडविलेली नाही. ती फार जुनी आहे. ज्यांनी कालिदासाचे ‘मालविकाग्निमित्र’ वाचले असेल, त्यांना राणी धारिणी आठवेल. मालविका ही आपल्या विदर्भाचीच राजकन्या. ती दासीच्या वेषात धारिणीच्या परिवारात राहते. राजा अग्निमित्र तिच्यावर लुब्ध होतो, विदूषक कारस्थाने रचतो, धाकटी राणी इरावती रुसते. राजा आणि विदूषक यांच्या फजितीने प्रेक्षक हसतात. धारिणीला मात्र कोणी हसत नाही. ती वयाने, मानाने व समजुतीने सर्वांहून वरची. तिलाही राग येतो, तीही मालविकेला कोंडून ठेवते. परंतु शेवटी आपला मुलगा वसुमित्र विजयी झाल्याची वार्ता येताच, आनंदाच्या भरात तीच स्वतः मालविकेला राजाच्या हाती देते. नाटक सुखान्त होते. सर्वांच्या चुका निस्तरतात, सर्वांना हवे ते मिळते, आणि त्या सुखाची किंमत जिने दिली तिची ‘उदार’ म्हणून स्तुती होते. पंधराशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी कौटुंबिक विनोदाची घडी मूलतः हीच राहिली आहे. शहाणीने द्यावे आणि वेड्यांनी घ्यावे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्या दशकातच चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ज्यांनी पाहिले, ते अजून त्यांची आठवण काढतात. त्यानंतर १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून ‘वागळे की दुनिया’ ही हिंदी मालिका निघाली. वागळे हा मुंबईतील साधा कारकून, आणि त्याची पत्नी राधिका हे काम भारती आचरेकर यांनी केले. पुढे २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेचा आधार प्रभावळकरांचे ‘अनुदिनी’ हे लेखन. आबा, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामला आणि नातवंडे शलाका व शिऱ्या असे पाच माणसांचे घर. शुभांगी गोखले यांची श्यामला पुष्कळ घरांतील स्त्रियांना आपल्यातलीच वाटली. ती उपदेश करीत नाही, रागावते, थकते, पुन्हा कामाला लागते. आमच्या मते मराठी पडद्यावरील कौटुंबिक विनोदाची ही फार निर्मळ मालिका होय. तीत कोणी कोणाचा खून करीत नाही, विष घालीत नाही, आणि भरजरी साडी नेसून मध्यरात्री कट रचीत नाही. एवढे सोवळे आजच्या काळी दुर्मिळच म्हणावयाचे.

तथापि या साऱ्या मालिकांत एक गोष्ट लक्षात येते. आमच्याकडील विनोदी घरातली आई बहुधा घरीच असते. कचेरी वडिलांची, तेथील साहेबाची बोलणी, उशिरा सुटणारी लोकल, अडलेली बढती यांवरचा विनोद वडिलांच्या वाट्याचा. आई नोकरीस निघाली की मात्र विनोद संपतो आणि अश्रू सुरू होतात. अलीकडचे मोठे उदाहरण म्हणजे स्टार प्रवाह वाहिनीवरील ‘आई कुठे काय करते’. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही मालिका २०२४ च्या नोव्हेंबरात संपली. मूळ ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवरून ती बेतलेली. हिंदीतील ‘अनुपमा’ हीही त्याच कुळातली. मधुराणी प्रभुलकर यांनी साकारलेली अरुंधती वर्षानुवर्षे घरासाठी झिजते, नवऱ्याकडून फसविली जाते, आणि मग गाण्याच्या बळावर स्वतःच्या पायांवर उभी राहते. मालिकेच्या नावातला प्रश्न लाखो घरांत विचारला जाणारा खराच प्रश्न आहे. परंतु तिचा संसार मोडल्यावाचून तिला घराबाहेर पडता आले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जणू सुखी घरातील आई नोकरी करीत नाही, आणि नोकरी करणारी आई सुखी घरात राहत नाही. प्रत्यक्षात आमच्या बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर येथील शेकडो घरांत ती सुखाने राहत आहे व नोकरीही करीत आहे. तिची हसरी कथा मात्र पडद्यावर क्वचितच येते.

अमेरिकेतील विनोदी मालिकांनी हे धाडस पुष्कळ आधी केले. १९६८ साली ‘ज्युलिया’ या मालिकेत डायहान कॅरोल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने एका परिचारिकेचे काम केले. तिचा पती व्हिएतनामच्या युद्धात पडलेला, आणि पदरी एक लहान मुलगा. १९८२ पासूनच्या ‘फॅमिली टाइज’ मध्ये आई वास्तुशिल्पज्ञ दाखविली होती. आणि १९८४ ते १९९२ या काळात चाललेल्या ‘द कॉस्बी शो’ मध्ये फिलिशिया रशाद यांनी रंगविलेली क्लेअर हक्स्टेबल तर या जातीच्या मातांची मुकुटमणी ठरली. ही क्लेअर वकील, तिचा पती डॉक्टर. चार मुली व एक मुलगा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात घर. नवरा पथ्य मोडून चोरून खातो, मुले खोट्या सबबी सांगतात, आणि क्लेअर संध्याकाळी घरी येऊन, न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी, चार प्रश्नांत सर्वांना उघडे पाडते. तिचा आवाज चढतो, पण तोल जात नाही. स्त्रीने घरकामापुरतेच असावे असे कोणी सुचविले, तर त्याला ती असे काही उत्तर देते की प्रेक्षक टाळ्या वाजवितात. कृष्णवर्णीय स्त्रीला मोलकरणीच्याच वेषात पाहण्याची सवय लागलेल्या त्या देशात हे चित्र केवढे मोठे होते, याची कल्पना आमच्या वाचकांस करता येईल. अनेक मुलींनी तिला पाहून वकील होण्याचे मनात आणले असेल, तर त्यात नवल नाही.

येथवर सर्व ठीक. पण आमच्यासारख्या जुन्या शिक्षकाला एक वाईट खोड असते; उत्तर बरोबर आले तरी मधल्या पायऱ्या कोठे आहेत हे आम्ही विचारतो. क्लेअरच्या घरी मधल्या पायऱ्या दिसत नाहीत. दिवसभर न्यायालयात झुंजून आलेली ही बाई दारात पाऊल टाकते ती ताजीतवानी. पाच मुलांचे कपडे केव्हा धुतले गेले, भाजी कोणी आणली, धाकटीचा ताप कोणी पाहिला, शिंप्याकडे कोण गेले, याचा पत्ता लागत नाही. जाहिराती वगळल्यास बावीस-तेवीस मिनिटांचा खेळ. त्यात एवढे दाखविण्यास अवकाश नाही हे मान्य. परंतु त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात एक चुकीची समजूत घर करते. शहाणपणाला वेळ लागत नाही, ते आईच्या अंगी उपजतच असते, आणि दिवसभराच्या श्रमानंतरही ते झऱ्यासारखे आपोआप वाहते, अशी ती समजूत. ज्याने कोणी चाळीस मुलांचा वर्ग पाच तास सांभाळला आहे, त्याला ठाऊक असते की सायंकाळी माणसाजवळ शहाणपण उरत नाही. उरतो तो केवळ स्वर चढविण्याचा मोह. दमलेल्या माणसाने शांतपणे बोलणे हा गुण खराच, पण तो फार खर्चाचा गुण आहे.

क्लेअरची मालिका चालू असतानाच, १९८९ साली, आर्ली हॉशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीने ‘द सेकंड शिफ्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात अशा घरांत जाऊन, बसून, पाहून तिने लिहिले. कारखान्यातील कामगार एक पाळी करून घरी जातो. नोकरी करणारी स्त्री घरी येते ती दुसऱ्या पाळीवर हजर होण्यासाठी, असा त्या नावाचा भावार्थ. ही झाली सातासमुद्रापलीकडची गोष्ट. आपल्याकडचा हिशेब केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने केला आहे. माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवितात याची देशव्यापी पाहणी त्या खात्याने २०१९ साली केली. घरातील बिनमोली काम करणाऱ्या स्त्रिया त्या कामी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. शिवाय असे काम मुळी करणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१, तर पुरुष शेकडा २६. पुढे २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ व ८८ मिनिटे असे आले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनीही नऊ मिनिटे वाचवून घेतली. पुरुषांच्या या तत्परतेचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

आकडे कोरडे असतात, म्हणून एक घर सांगतो. आमची एक जुनी विद्यार्थिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहाटे उठून दोन डबे, सासूबाईंचे पथ्याचे जेवण, पाणी भरणे, मुलीची वेणी, मग एस.टी. ची गाठ, शाळा, शाळेतील कागदपत्रे, परतीची एस.टी. आपल्या राज्यात १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी. चे अर्धे तिकीट झाले, त्याचा तिला फार उपयोग होतो. भाडे निम्मे झाले. घरी वाट पाहत असलेले काम मात्र पूर्ण तिकिटाचेच राहिले. तिचे यजमान सज्जन आहेत, निर्व्यसनी आहेत, बायकोचा त्यांना अभिमान आहे. चारचौघांत ते म्हणतात, “आमच्या घरात खरी शहाणी हीच, आम्ही सगळे हिच्या जिवावर.” हे ते मनापासून म्हणतात, हेही आम्हांस ठाऊक आहे.

त्यांच्याकडे एकदा सायंकाळी आम्ही गेलो असता मंडळी दूरचित्रवाणीपुढे बसली होती. मालिकेतील बापाला स्वतःचा टॉवेल सापडेना, आणि तो ओलेत्यानेच घरभर धावत होता; सर्वजण पोट धरून हसत होते. ती आत कणीक मळत होती. तेवढ्यात मुलाने विचारले, “आई, माझा कंपास कुठंय?” सासूबाईंनी विचारले, “अगं, माझी संध्याकाळची गोळी झाली का?” यजमानांनी विचारले, “गॅसचा नंबर लावला होतास ना?” तिने तिघांनाही कणकेचे हात तसेच ठेवून उत्तरे दिली, आणि तिन्ही उत्तरे बरोबर होती. पडद्यावरच्या बापाला हसणाऱ्या त्या खोलीत आपण त्याच बापाची नक्कल करीत आहोत, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. ही थट्टेची बाब म्हणून आम्ही सोडून दिली असती. परंतु नंतर बोलता बोलता असे कळले की, खात्यात बढतीसाठी परीक्षा निघाली होती, तिचा अर्ज भरून तयार होता, आणि तिने तो पाठविला नाही. घरातील सर्वांनी, नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनीही तिला एकच वाक्य ऐकविले होते. तू शहाणपणाचा निर्णय घेतलास!

आम्ही तिला कारण विचारले. ती म्हणाली, “सर, परीक्षेची भीती नव्हती हो. अभ्यासाला रोज एक तास पाहिजे होता. तो कुणाकडं मागायचा, तेच समजेना. कुणी नाही म्हणालं असतं असंही नाही. पण त्या तासात घरातलं काय काय बघायचं, ते दुसऱ्याला सांगत बसण्यातच माझा तास गेला असता.”

वाचकहो, या उत्तरावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला आहे. त्या घरात कोणी दुष्ट नाही, कोणी आळशीही म्हणता येणार नाही. यजमान सांगितलेले काम करतात. पण ‘सांगितलेले’ या शब्दातच सारे मर्म आहे. काय करावयाचे, केव्हा करावयाचे, काय संपत आले आहे, कोणाचे काय राहिले आहे, ही सबंध घराची स्मृती एकटीच्या डोक्यात साठविलेली. हात वाटून घेता येतात. स्मृती वाटून घेण्याचा विचारही कोणी केलेला नाही. आणि जिच्यापाशी सर्वांची स्मृती आहे, तिला आपण शहाणी म्हणतो. शहाणी म्हटले की ती स्मृती तिच्याकडेच राहणार हे ठरले. स्तुतीने माणूस जेवढा बांधला जातो तेवढा दोरखंडानेही बांधला जात नाही. विनोदी मालिकेतील आईचे हेच होते. ती एकटी शहाणी असल्यामुळे बाकीच्यांना पोरकट राहण्याचा जणू परवाना मिळतो. आणि ते पोरकट आहेत म्हणून तिला एक दिवसही वेडे होण्याची मुभा नाही. बापाने टॉवेल विसरला तर विनोद. आईने डबा विसरला तर गुन्हा.

हा विषय आमच्या जिल्ह्याला नवा नाही. स्त्रियांची कल्पित चित्रे पुरुष कशी रंगवितात याची झाडाझडती महाराष्ट्रात प्रथम जोराने घेतली गेली ती याच बुलढाण्यात राहणाऱ्या एका बाईच्या लेखणीने. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यास छापले गेले. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीवर जो शिव्यांचा वर्षाव झाला, त्याने संतापून बाईंनी हे पुस्तक लिहिले. आणि ते लिहिताना त्या काळच्या गोष्टी-नाटकांतील स्त्रियांचाही समाचार घेतला. पुढे हे पुस्तक जवळजवळ विसरलेच गेले होते. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. बाईंच्या काळी स्त्रीला कपटी, चंचल, अविचारी रंगवीत असत. आज शहाणी, धीराची, सर्वज्ञ रंगवितात. प्रगती झाली हे खरे. परंतु दोन्ही चित्रांत रंगविणाऱ्याची सोय पाहिली गेली आहे, हा संशय ताराबाईंना आज असत्या तर खास आला असता.

दुसरे उदाहरण याहूनही मोठे, आणि तेही आमच्याच मातीतले. सिंदखेडराजा येथे दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी लोकांची रीघ लागते. आपल्या मुलास घडविणारी माता म्हणून त्यांची थोरवी सर्वजण गातात. पण त्या केवळ गोष्टी सांगणाऱ्या माता नव्हत्या. शहाजीराजे कर्नाटकात असता पुण्याच्या जहागिरीकडे त्यांनी लक्ष पुरविले, आणि १६६६ साली शिवाजीमहाराज आग्र्यास गेले तेव्हा राज्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर ती मोठ्या कामावर असलेली आई होती. मात्र तिच्या शहाणपणाला अधिकाराची जोड होती. तिच्या शब्दासरशी हलणारी माणसे होती. आज आम्ही घरोघरीच्या जिजाऊंना शहाणपणाचा मान देतो; त्यांच्या हाताखाली मात्र कोणीही देत नाही.

यावर दोन आक्षेप येतील, ते आम्ही आधीच घेतो. पहिला असा की, घर म्हणजे काही कारखाना नव्हे. तेथे मिनिटांचा हिशेब मांडू लागलो तर माया उरणार नाही. आमचे उत्तर असे की, हिशेब एकटीच्या मनात चालतो तेव्हाच माया आटते. उघड मांडला तर ती वाढते. आपल्या शास्त्रकारांनी पत्नीला सहधर्मचारिणी म्हटले. या शब्दात ‘धर्म’ एकच आहे, आणि ‘सह’ हे पद दोघांनाही बांधते. बरोबर चालणारे माणूस एकटेच चालू शकत नाही. यजमानावाचून पत्नीचे आणि पत्नीवाचून यजमानाचे धर्मकृत्य पुरे होत नाही असे जेथे मानले, तेथे गृहस्थाश्रमाचे ओझे मात्र एकीनेच वाहावे हे कोणत्या सूत्रावरून निघाले, ते आम्हांस तरी सापडलेले नाही.

दुसरा आक्षेप आमच्या वाचकभगिनींपैकी वडीलधाऱ्या बायकांचा असेल. पुरुष स्वयंपाकघरात आले की मदत कमी आणि पसारा फार, आणि शेवटी दुप्पट काम होते! हे अगदी खरे आहे. पण नवशिका कोठेही असाच असतो. पहिलीच्या मुलाने ‘अ’ वाकडा काढला म्हणून आम्ही त्याच्या हातची पाटी कायमची काढून घेतली असती, तर हा जिल्हा अजून निरक्षर राहिला असता. पसारा सहन करणे ही शिकवणीची फी आहे. ती एकदाच द्यावी लागते. सासूबाईंनीही एवढे मनावर घ्यावे की, सुनेच्या पाठीवर शाबासकीचा हात ठेवणे चांगले, पण मुलाच्या हाती पोळपाट-लाटणे ठेवणे अधिक चांगले.

आता उपाय. कायद्याने जे देता येते ते थोडेबहुत दिले आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, आणि ५० किंवा अधिक माणसे कामास असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सांगितली. परंतु रोजचा एक तास कोणताही कायदा देऊ शकत नाही. तो घरातल्यांनीच द्यावयाचा. त्यासाठी आमची सूचना साधी आहे. कामे वाटण्याऐवजी खाती वाटावीत. राजाच्या दरबारी जसा प्रत्येक खात्याचा एकेक अमात्य असे, तसे घरात असावे. गॅस, वीजबिल व पाणी हे खाते यजमानांचे. ते संपले की नाही हे आठवण्याचे कामही त्यांचेच. आपल्या वह्या, कंपास, गणवेश हे खाते मुलांचे. हरवले तर गुरुजींची बोलणीही त्यांचीच. औषधांच्या वेळा, दूध, भाजी, पोस्ट व बँक हे खाते आमच्यासारख्या निवृत्तांचे. निवृत्त माणसाजवळ दुसरे काही नसले तरी वेळ असतो, आणि सकाळी फिरावयास जाणारे पाय मंडईकडेही वळू शकतात. आमच्या घरी भाजीचे खाते आमच्याकडे आहे. मेथी जून निघाली तर आमचीच खरडपट्टी निघते, आणि ती योग्यच असते. महत्त्वाचे हे की, खाते ज्याचे त्याला कोणी आठवण करून द्यावयाची नाही. पहिल्या महिन्यात एखादे दिवशी गॅस संपेल, चहा मिळणार नाही. तो दिवस सर्वांनी धीराने काढावा. चहावाचून काढलेली ती एक सकाळ पुष्कळ व्याख्यानांहून अधिक शिकविते.

मालिका लिहिणाऱ्यांनाही एक विनंती आहे. विनोद हा थोर गुरू आहे. जे आम्ही वर्गात छडी घेऊनही शिकवू शकलो नाही, ते चिमणरावाने हसत हसत शिकविले. तेव्हा एखाद्या विनोदी मालिकेत आमच्याकडची नोकरी करणारी आई आणा. ती मुंबईचीच पाहिजे असे नाही. मेहकरच्या बँकेतली, नांदुऱ्याच्या दवाखान्यातली, लोणारच्या शाळेतली चालेल. तिचा संसार मोडू नका, तिच्या नवऱ्याला खलपुरुष करू नका. एवढेच करा की, एके दिवशी तीच चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधू दे, तीच डबा विसरू दे, आणि घरातील बाकीच्या चौघांनी मिळून तो दिवस निभावून नेऊ दे. प्रेक्षक खास हसतील. आणि ते हसणे आजवरच्या हसण्याहून निराळे असेल, कारण त्यात प्रथमच आई इतर माणसांसारखी माणूस दिसेल.

आमच्या त्या विद्यार्थिनीच्या यजमानांशी आम्ही या खात्यांविषयी बोललो आहोत. त्यांनी मान डोलावली, आणि “बघतो सर, तीच काय ते ठरवेल,” असे म्हणाले. म्हणजे ठरविण्याचे खातेही पुन्हा तिच्याकडेच गेले! परीक्षा पुन्हा केव्हातरी निघेल. तोवर त्या घरी काय घडते हे आम्ही पाहणारच आहोत. आमच्या वाचकांनी मात्र तोवर थांबू नये. आज सायंकाळी मालिका लागण्यापूर्वी आपल्या घरातील शहाण्या माणसाला एवढेच विचारावे की, आमच्यापैकी प्रत्येकाचे असे काय काय तुझ्या डोक्यात साठले आहे. यादी लांब असेल. ती कागदावर उतरवून घ्यावी, आणि तीतले एकेक कलम ज्याचे त्याने आपल्या नावावर करून घ्यावे. शहाणपण ही घराची सामाईक मिळकत आहे. ती एकटीच्या नावावर राहू देणे कोणाच्याही हिताचे नाही.